गार मूठ

“काम तसं दहा मिनिटांचंच होतं,” काका म्हणाले. “जायचं, नळ्यांचा एक ट्रे काढायचा, दुसरा ठेवायचा, परत यायचं. कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणण्याइतकं साधं काम.”

वीज जाऊन बराच वेळ झाला होता. गच्चीवर सतरंजी टाकून पुतणे-पुतण्या आडवेतिडवे पसरले होते. मोबाइल एकेक करून मान टाकत होते आणि आता करमणूक म्हणून उरले होते फक्त काका.

“कोणाचं काम?” थोरला पुतण्या म्हणाला. “उगाच ‘एक होता माणूस’ नको हं काका.”

“माणूस नाही, बाई. नाव नाही सांगणार, कारण ती आजही हयात आहे आणि सुखात आहे. तुमच्या आत्याची नणंद.”

“म्हणजे आमची कोण?”

“कोणी नाही. म्हणून तर सांगतोय. तुमची कोणी असती तर तुमच्या आईनं मला इथूनच खाली लोटलं असतं.”

सगळे हसले. धाकटी पुतणी हसली नाही. तिला जीवरसायनशास्त्राच्या संशोधनाला नुकताच प्रवेश मिळाला होता आणि काकांचा रोख कुठे चाललाय हे तिला आधीच कळलं होतं.

“खरी आहे?” तिनं विचारलं.

काका म्हणाले, “तिच्या गळ्यावरचे वळ मी स्वतः पाहिलेत. बाकीचं तिनं सांगितलं तसं सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.”

मग त्यांनी सुरुवात केली.

घरात तिला सगळे बारकी म्हणत. भावंडांत शेवटची आणि अंगानं काडी. पण जिद्द अशी की विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात पाच वर्षं तिनं खालमानेनं काढली. तिचं काम होतं यकृतातलं एक एन्झाइम वेगळं काढायचं. ती म्हणायची, “भरगर्दीतून एका माणसाला हाताला धरून बाहेर काढायचं, तसं आहे हे. आणि बाहेर येईपर्यंत तो जिवंत राहिला पाहिजे.”

एन्झाइम मोठं नाजूक. वाटेत ऊब लागली की नासतं. म्हणून सगळी कामं थंडीत करायची. त्यासाठी विभागाच्या तळघरात एक कोल्ड रूम होती. कोल्ड रूम म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा मोठा फ्रीज. टेबलं आत, मिक्सर आत, नळ्या फिरवायचं यंत्र आत. मे महिन्यातसुद्धा बारकी तिथे स्वेटर आणि कानटोपी घालून बसायची.

सगळ्यात शेवटी मात्र उलटं. एन्झाइम जिवंत आहे की मेलं, हे बघायला ऊब लागते. माणसाच्या अंगाइतकी. त्यासाठी गरम पाण्याचं यंत्र असतं, पण त्या लॅबची एक जुनी सवय होती. यंत्र तापायची वाट कोण बघतो? नळीत औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी मुठीत घट्ट धरायची. थोड्या वेळानं मूठ उघडायची. पाणी पिवळं झालं असेल तर एन्झाइम जिवंत. पांढरंच राहिलं तर मेहनत पाण्यात. लॅबमधली पोरं एकमेकांना भेटली की ‘कसा आहेस’ विचारत नसत. ‘मूठ उघडली का?’ विचारत.

बारकीची मूठ वर्षभर पांढरीच उघडत होती.

इकडे शिष्यवृत्ती संपत आलेली. सरांनी सांगून टाकलं होतं, “या महिन्यात रंग नाही आला, तर मी सही करणार नाही. घरी बसा.” आणि घरी तिच्या आईनं साखर सोडली होती. लेकीच्या हातात पदवी पडेपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही, असं देवापुढे बोलून बसलेली बाई. बारकी चिडायची, “आई, तुझ्या चहाचा आणि माझ्या एन्झाइमचा काय संबंध?” आई शांतपणे तो फिका चहा प्यायची आणि म्हणायची, “मला काय कळतं त्यातलं? मला सोडता येतं तेवढं मी सोडलं. तुला धरता येतं तेवढं तू धर.”

आता त्या लॅबमधलं दुसरं काम सांगतो. ते ऐकायला वाईट आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. यकृत लागतं ते उंदरांचं आणि लागतं ताजं. उंदीर मारायला छोटं यंत्र असतं. मान ठेवायची. दांडा दाबायचा. खट्. डोकं एका बाजूला, धड एका बाजूला, आणि धडाचे पाय अजून चालतच असतात. लगेच पोट उघडायचं, यकृत काढून बर्फात टाकायचं. हात थरथरला, वेळ गेला, की माल शिळा. बारकी दर वेळी पुटपुटायची, “माफ कर रे बाबा.” तिचे सोबती तिला चिडवायचे, “उंदराची परवानगी आली का?”

पण त्या नोव्हेंबरात एक वेगळंच सुरू झालं. उंदरांच्या खोलीचे मामा एका सकाळी ओरडतच वर आले.

“बाई, तुम्हाला उंदीर हवे असतील तर मागून घ्या. हे काय खाटीकखाना मांडलाय?”

“मी नाही नेले, मामा.”

“मग काय मांजरानं नेले? मांजर पोट सरळ रेषेत कापतं का? आणि कापून यकृत तेवढं नेतं, बाकीचं पिंजऱ्यात परत ठेवतं?”

बारकी खाली जाऊन बघून आली. चार पिंजरे. जाळीला रक्त सुकलेलं. उंदरांची डोकी यंत्रानं कापलेली नव्हती, हातानं पिरगळून काढलेली होती. पोटावरची चीर मात्र इतकी सुरेख, की तिच्या हातून कधी जमली नव्हती.

रोज रात्री दोन-चार जात राहिले. सकाळी कोल्ड रूममध्ये मिक्सर धुऊन पालथा ठेवलेला असे, बर्फाची बादली काठोकाठ भरलेली असे. प्रत्येकाला वाटे, दुसऱ्या कोणी तरी ठेवलं. शनिवारपर्यंत सगळे पिंजरे रिकामे झाले. नवे उंदीर सोमवारी यायचे होते.

“आणि कोणालाच काही वाटलं नाही?” थोरल्या पुतण्यानं विचारलं.

“वाटलं ना. कुजबुज होतीच. त्या कोल्ड रूमच्या दारावर, आतल्या बाजूनं, पोचे होते. लोखंडी पत्र्याला खोल खोल पोचे. खूप वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी, सगळे त्याला सिनियर म्हणायचे. अतिशय हुशार. दिवस-रात्र आतच. एकदा सुट्टीच्या दिवसांत आतली कडी अडकली. हाक ऐकायला इमारतीत कोणी नाही. लोखंडी स्टँड घेऊन त्यानं दार बडवलं. स्टँड वाकला तेव्हा हातांनी बडवलं. सुट्टीनंतर दार उघडलं, तेव्हा त्याच्या बोटांची...”

“काका!”

“राहिलं. पण एक सांगतो. मुठीत नळी होती. मूठ इतकी आवळलेली, की नळी काढताना बोटं मोडावी लागली. त्यातलं पाणी पांढरं होतं.”

गच्चीवर कोणीतरी सतरंजी जवळ ओढून घेतली.

बारकीला हे सगळं ठाऊक होतं. तिनं ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलं होतं. तिच्या डोक्यात एकच होतं, शेवटचं राखून ठेवलेलं यकृत, त्यातून गाळलेला रस, आणि तो काचेच्या नळकांड्यातून रात्रभर थेंब थेंब गळतोय. एक ट्रे भरला की दुसरा लावायचा. नाही लावला, तर पाच वर्षं मोरीत.

म्हणून ती गेली. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, तीन वर्षांपूर्वीचा. रात्रीचे साडेअकरा.

आईनं दारातून हाक मारली, “भावाला घेऊन जा गं.”

“तो घोरतोय. दहा मिनिटांत आलेच.”

फाटकाशी वॉचमन शाल गुंडाळून बसला होता. “बाई, एवढ्या रात्री? उंदीरसुद्धा झोपले असतील.”

“उंदीर संपले, काका. आता तुमचाच नंबर,” ती म्हणाली. दोघं हसले. पुढे कितीतरी दिवस ती विनोद करायची म्हटली तरी गप्प व्हायची, ते या एका वाक्यामुळे.

इमारत रिकामी. परीक्षा संपलेल्या, वसतिगृह ओस. तळघराच्या पॅसेजमध्ये एकच ट्यूब जळत होती. बारकीनं कोल्ड रूमचं दार ओढलं, आत गेली, दाराला पायानं वीट लावली. ही वीट प्रत्येक जण लावायचा. कडी दुरुस्त केलेली होती, तरी लावायचा.

थेंब पडत होते. ट्रे जवळजवळ भरलेला. तिनं तो उचलला, नवा ठेवला. तेवढ्यात हात गारठले. काम संपलं. अगदी दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आणि वळताना तिला दिसलं, की बर्फाची बादली भरलेली आहे. बर्फावर एक सुरी ठेवलीये. पुसून, स्वच्छ करून.

“ज्युनियर.”

आवाज मऊ होता. दमलेल्या माणसाचा असतो तसा. टेबलाच्या पलीकडे, कपाटाच्या सावलीत, एक जण पाठमोरा उभा होता. पांढरा कोट, आत स्वेटर, कानटोपी. लॅबमधल्या कोणाही पोराचा वेश.

“कोण रे?” बारकी म्हणाली. “केवढं घाबरवलंस. कोणाच्या लॅबमधला तू?”

“इथलाच. उंदीर आहेत का गं?”

“सोमवारी येतील.”

“सोमवारी...” तो म्हणाला. नुसते थेंब पडत होते. “सोमवारपर्यंत नाही थांबता यायचं. माझं आज संपायला हवं. जवळ आलंय. अगदी जवळ आलंय.”

तो वळला. चेहरा पोरसवदा होता, गोरापान, भुवयांवर दव गोठल्यासारखं पांढरं. चेहऱ्याचं काही नाही. बारकीनं हात पाहिले. दहाही बोटं पेरापेरात फुटलेली. कातडी मागे सरकलेली, आणि आतून हाडाची टोकं... पांढरी... स्वच्छ... रक्ताचा टिपूस नाही.

ती दाराकडे धावली.

वीट सरकली. तिच्या डोळ्यांदेखत. कोणी हात न लावता. दार धाडकन मिटलं.

तिनं कडी ओढली. कडी हलेना. तिनं दार बडवलं, ओरडली, आणि तिचा हात थेट एका जुन्या पोच्यात बसला. तेवढ्यात मागून केस धरले गेले. मुळापासून. तिला त्यानं फरफटत नेलं, टेबलावर आपटलं. स्टीलच्या कडेवर तिचं कपाळ फुटलं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तिनं लाथा झाडल्या, एक बसली, त्याच्या बरगड्यांवर. आत काही नसल्यासारखा पोकळ आवाज झाला. तिनं हाताला लागेल ते फेकलं. बाटल्या फुटल्या. काच तिच्याच तळहातात घुसली.

“हलू नकोस,” तो समजावत होता. ती उंदरांपाशी पुटपुटायची, अगदी तशा आवाजात. “पटकन झालं पाहिजे. ताजं हवं. दुखणार नाही, ज्युनियर. माझा हात चांगला आहे...”

त्याचा पंजा तिच्या तोंडावर बसला. थंडी नाकातून डोक्यात शिरली. तिनं वरचा दिवा पाहिला.

मग तिला काही दिसलं नाही.

शुद्ध आली तेव्हा ती फरशीवर होती. मिक्सर चालू होता.

तिनं आधी गळा चाचपला. मग पोट. स्वेटर शाबूत होता. रक्त कपाळाचं आणि तळहाताचं, बाकी कुठे नाही. तिला वाटलं, वाचले. कुठे तरी एखादा उंदीर उरला असेल, तो सापडला असेल त्याला.

तो काम करत होता. काय काम करत होता, मुलांनो! बारकी म्हणायची, त्या भयातसुद्धा मी बघत राहिले. एक हालचाल वाया नाही. मिक्सर थांबला, रस गाळला, नळ्या यंत्रात गेल्या. त्या मोडक्या बोटांनी तो नळ्या अशा हाताळत होता, जसं तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात. ती सरपटत दारापर्यंत गेली. दार बंदच. ती तिथेच पाठ टेकून बसली. तोंडातून वाफ येत होती. तिच्या. त्याच्या येत नव्हती.

शेवटी त्यानं एका छोट्या नळीत रस घेतला. औषधाचे थेंब टाकले. नळी मुठीत धरली. डोळे मिटले. ओठ हलत होते. मोजत असेल, किंवा प्रार्थना करत असेल.

मूठ उघडली.

पांढरं.

त्यानं तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. दारावरचे पोचे घुमले. त्यानं टेबलावरून हात फिरवला आणि सगळ्या काचा भिंतीवर गेल्या. बर्फाची बादली गेली. नळ्यांचं यंत्र त्यानं एका हातानं उचललं आणि आपटलं. स्वतःचं डोकं भिंतीवर मारलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. हाड फुटल्याचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता.

“शिळं! शिळं! दर वेळी शिळं!”

मग थांबला. मान फिरवली. कपाळ आत गेलेलं.

“अजून ताजं हवं,” तो म्हणाला.

सुरी त्याच्या हातात होतीच.

बारकीनं काचांत पडलेला एक तुटका लोखंडी स्टँड उचलला आणि तो जवळ येताच सगळा जीव लावून हाणला. जबडा सरकला. तसाच लोंबत राहिला. तो आलाच. दुसरा घाव खांद्यात. आलाच. तिसऱ्याला त्यानं स्टँड धरला, काढून घेतला, तिला गळ्याला धरून दारावर दाबलं. पाय जमिनीवरून सुटले. कानात भणभण. डोळ्यांपुढे काळे ठिपके.

आई. फिका चहा. बस्स, एवढंच आठवलं तिला.

आणि त्याच्या खांद्यावरून तिची नजर टेबलावर गेली. सगळं फुटलं होतं, ती एक नळी राहिली होती. त्यानं ती फेकली नव्हती. जपून ठेवली होती. तिच्या काचेवर, बोटांच्या आकाराचं, हिम साचलं होतं.

बोटांच्या आकाराचं. मूठ जिथे होती तिथे.

लॅबमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सगळं थंडीत, पण शेवटचं ते उबेत. आणि हा... इतकी वर्षं... रोज रात्री...

तिनं बोलायचा प्रयत्न केला. आवाज फुटेना. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. ओरबाडला नाही. नुसता ठेवला.

पकड किंचित सैल झाली.

“शिळं... नाही,” ती म्हणाली. “दादा... माल शिळा नाही. तुमची मूठ... गार आहे.”

त्याची मान टेबलावरच्या नळीकडे वळली.

“तुमची मूठ गार आहे हो. त्याला ऊब कुठून मिळणार? इकडे द्या. मला द्या.”

थेंब पडत होते... कुठे तरी अजून पडत होते...

त्यानं तिला खाली ठेवलं. सुरी काढली नाही. ती तिच्या गळ्याशी टेकवूनच, दुसऱ्या हातानं त्यानं नळी उचलली. पुढे केली.

बारकीनं ती डाव्या मुठीत घेतली. तळहातात काच रुतलेली, त्यावर ते हिम. किंचाळावंसं वाटलं. ती किंचाळली नाही. मूठ काखेत दाबली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सुरीचं टोक श्वासागणिक टोचत होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या काखेकडे बघत होता.



तिला कळत होतं, मूठ पांढरी उघडली तर आपण इथून जात नाही. माल खरंच मेलेला असेल तर? किती वेळ गेला होता? किती पुरतो वेळ? तिनं देवाला काहीही सोडायचं कबूल केलं नाही. सोडायला काही उरलंच नव्हतं. ती मनात एवढंच म्हणाली, याचं होऊ दे. माझं राहू दे, याचं होऊ दे.

कधी ते तिला सांगता येत नाही. पण एका क्षणी नळी गार लागायची थांबली.

तिनं मूठ उघडली.

“मग?” धाकटी पुतणी कुजबुजली.

पिवळं. हळदीसारखं पिवळंधमक. वर्षानुवर्षं लॅबमध्ये कोणाच्या मुठीत आलं नसेल असं.

त्यानं नळी घेतली नाही. त्याला भीती वाटत असावी, आपला हात लागला तर जाईल म्हणून. तो वाकला. अगदी जवळून पाहिलं. लोंबणारा जबडा त्यानं तळहातानं वर धरला आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, “पिवळं... ना?”

“पिवळं,” बारकी म्हणाली. ती रडत होती. “झालं तुमचं. झालं, दादा.”

सुरी खाली पडली. खणकन.

तो दाराशी गेला. कडीला हात लावला. तीच कडी, जिच्यावर त्याची बोटं फुटली. सहज वळली. दार उघडलं. तो बाहेर पॅसेजच्या उजेडात गेला, आणि उजेडात पोचलाच नाही. वाटेतच कुठे तरी... नव्हता.

वॉचमन धावत आला तेव्हा बारकी पॅसेजमध्ये गुडघ्यांवर होती. केसांचा पुंजका तुटलेला, कपाळ फुटलेलं, गळ्यावर पाच काळे-निळे वळ. कोणी म्हणालं चोर, कोणी म्हणालं यंत्र फुटलं. पोलीस आले, पॅसेजचा कॅमेरा पाहिला. त्यात बारकी आत जाताना दिसते, बारकी बाहेर येताना दिसते. आणखी कोणी नाही. विभागानं ते दार काढून भंगारात दिलं.

आणि बारकी? ती परत उभी राहिली. तिची माणसंच तशी. सरांनी मुदत वाढवून दिली, आणि नव्या कोल्ड रूममध्ये, त्या रात्री बघून घेतलेल्या हातानं, तिनं सगळं काम पहिल्यापासून केलं. तिचीही मूठ पिवळी उघडली. सरांनी सही केली. आईनं चहात साखर घातली आणि एक घोट घेऊन म्हणाली, “फार गोड झालाय गं.” मग लग्न झालं, चांगलं झालं. सगळं सुरळीत.

काका थांबले. दूरवर कुठे तरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

“एवढंच?” थोरला पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडी निराशाही.

“गेल्या वर्षी तिला दिवस गेले,” काका म्हणाले. “सोनोग्राफीला गेली. सोबत तुमची आत्या होती, म्हणून मला ठाऊक. डॉक्टरीण बाई हसतमुख. बाळाचे ठोके ऐकवले, सगळं छान आहे म्हणाल्या. यंत्र वर सरकवत होत्या. आणि हात थांबला. पुन्हा खाली. पुन्हा वर. हसू गेलं.

“‘यकृताचं ऑपरेशन कधी झालं होतं?’ त्यांनी विचारलं.

“‘माझं? कधीच नाही.’

“‘बघा ना... हा खालचा कोपरा. इथे तुकडा नाहीये. आजार नाही हा. कापून घेतलाय. फार सफाईनं.’

“त्यांनी शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं. मग दिवा जवळ ओढला, आणि दोघांनी मिळून तिचं पोट इंच-इंच तपासलं. टाक्याची खूण, जुना व्रण, काही तरी...

“कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.”